इयत्ता नववी : हिमनदीचे कार्य

बोरिवलीच्या शाळेत सव्वीस वर्षं
मी फळ्यावर इंग्रजी यू काढला
आणि म्हटलं, ही हिमनदीनं कोरलेली दरी.
व्ही नदीचा, यू हिमनदीचा. परीक्षेला येतं.
मुलांनी बर्फ पाहिलेला गोळ्याच्या गाडीवर
नाहीतर भाऊच्या धक्क्याला, पापलेटांच्या अंगाखाली,
भुसा चिकटलेला.
मी तरी त्यापलीकडे कुठं पाहिला होता?

एकदा मागच्या बाकावरून जिवली धिंडा उठली.
पाड्यावरची. चपला दप्तरात घालून चालत यायची,
गेटाशी आली की पायात.
"बाई, आमचा डोंगर कुणी कोरला?"

आगीनं, मी म्हटलं. लाव्हा. साडेसहा कोटी वर्षं.
थरावर थर, मग पाणी, मग वारा.
ती म्हणाली, "म्हणजे अजून थंड होतोय."
हा प्रश्न नव्हता.
चाचणीतही तिनं तेच लिहिलं.
मी अर्धा गुण कापला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती मला जंगलात घेऊन गेली.
वर्गात मी ऋतू तीन शिकवले होते.
तिच्याकडे किती होते, ते मोजणं मी मध्येच सोडलं :
कुसुमाला लाल पालवी येते तो एक, लोक त्याला फुलं समजतात.
शेवळं उपटायची ते दहा-बारा दिवस.
काजवे एकाच झाडावर येऊन बसतात
आणि शेजारचं झाड कोरडं राहतं, का ते माहीत नाही, तो एक.
चितळाची शिंगं गळतात तो.
ऐनाच्या खोडावर तिनं टिचकी मारली,
साल मगरीच्या पाठीसारखी,
आत पाणी, म्हणाली, पण मागायचं नसतं.

खुळखुळ्याच्या झुडपावर निळी फुलपाखरं
इतकी, की फांदी दिसेना.
"विष चोखतायत, बाई. मग पक्षी खात नाहीत त्यांना."
मी वहीत लिहून घेतलं.
तेव्हा कळलं, वही मीच आणली होती.

आणि कारवी?
"यंदा नाही. अजून तीन वर्षांनी. मग आठ. मग आठ.
तुम्ही याल ना?"

पहिल्या कारवीला सहामाहीचे पेपर होते,
दोनशे चाळीस, शाई लाल.
दुसरीला पेन्शनची कागदपत्रं,
अंधेरीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर एक साहेब रजेवर.
तिसरीला गुडघा.
पलंगाशेजारी खिडकी होती, खिडकीत पाण्याची टाकी,
त्यापलीकडे कुठंतरी जांभळा डोंगर असणार,
असा मी अंदाज बांधला. नकाशावर दिशा बरोबर होती.

शेवटी गेले ती वैशाखात, काठी घेऊन.
जिवली आता खाकी शर्टात, गळ्यात शिट्टी,
पुढं कुठल्याशा शाळेची चाळीस मुलं.
मला पाहून तिनं शिट्टी तोंडातून काढली.
बाकी काही नाही. पाणी दिलं.

कारवी करडी होऊन उभी होती, मेलेली, काड्याच काड्या.
"यातल्या चांगल्या कुडाला नेतो," ती मुलांना सांगत होती.
"या दगडावर हात ठेवा. ठेवा, चावत नाही."
चार वाजले होते. दगड तापलेला.
चाळीस हात टेकले आणि उचलले, हाय हाय करत.
"अजून थंड होतोय," जिवली म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

मीही टेकला.
उचलला नाही लगेच.

तेवढ्यात कुठूनतरी टक्.
मग डावीकडून, टक्, टक्.
एका मुलाला वाटलं, कुणी खडे मारतंय,
त्यानं शेजारच्याला ढकललं.
जिवलीनं बोट ओठांवर ठेवलं.
कारवीच्या बोंडांतून बिया उडत होत्या,
एकेक, कुणाची वाट न बघता,
आणि माझ्या तोंडून, सवयीनं,
हळूच निघालं :
"पुढचा."